आतड्यातील मज्जासंस्था : एका शोधाचा आणि एका विलंबाचा इतिहास

(आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांना हसू आवरले नाही, असे माझ्या कानांवर आले. प्रार्थनामंदिराच्या सभागृहात आतड्यांविषयी काय बोलायचे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या परंपरेला या विषयाचा संकोच कधीच वाटलेला नाही. शौचाहून आल्यावर हात धुऊन म्हणावयाची 'अशेर यत्सार' ही बेराखा आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांच्या तोंडी होती. तालमूदच्या बेराखोथ या भागात ती आबाये या चौथ्या शतकातील बाबिलोनच्या विद्वानाच्या नावाने आलेली आहे. शरीरात अनेक छिद्रे आणि पोकळ मार्ग आहेत, आणि त्यांतील एखादा मार्ग बंद झाला तरी माणसाला जगणे अशक्य होईल, असा तिचा आशय. आज मी ज्या बालकांविषयी बोलणार आहे, त्यांच्या शरीरात नेमके हेच घडते. मार्ग उघडा दिसतो. पण प्रत्यक्षात तो बंद असतो.

मी इतिहासकार नाही. या देशात आल्यावर ३१ वर्षे मी एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत नोकरी केली. शस्त्रक्रियागृहातून आलेल्या ऊतकाचे अतिशय पातळ काप करणे, ते काचेवर घेणे, रंगवणे आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन ठेवणे, हे माझे काम. कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा येई, आणि त्यासोबतच्या कागदावर एकच प्रश्न असे : यात मज्जापेशी आहेत की नाहीत? त्या उत्तरावर एका तान्ह्या बाळाची शस्त्रक्रिया अवलंबून असे. या पेशी प्रथम कोणी पाहिल्या, त्या तिथे कशासाठी आहेत, आणि त्या नसल्या तर काय होते हे कळायला इतका काळ का लागला, याचा मी निवृत्तीनंतर अभ्यास केला. त्यातून हाती लागलेला इतिहास आपल्यापुढे मांडतो.

सुरुवातीलाच तीन साले सांगून ठेवतो. आतड्याच्या स्नायूंमधील मज्जापेशींचे जाळे १८६२ साली प्रसिद्ध झाले. त्या पेशी नसल्यामुळे होणाऱ्या आजाराचे सविस्तर वर्णन १८८६ साली झाले. आणि त्या आजाराचे खरे कारण सर्वमान्य होऊन त्यावर उपाय मिळाला तो १९४८ साली. पहिल्या आणि शेवटच्या सालांत ८६ वर्षांचे अंतर आहे. या ८६ वर्षांचा हिशेब मांडणे, हाच आजच्या व्याख्यानाचा उद्देश.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. घास गिळेपर्यंत आपली इच्छा चालते, आणि शौचाच्या वेळी पुन्हा थोडीशी चालते. मधला सात-आठ मीटरांचा प्रवास आपल्या इच्छेवाचून होतो. अन्न घुसळले जाते, पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. झोपेत होते, तापात होते. आतड्याच्या या पुढे ढकलणाऱ्या लाटेला आपल्या पाठ्यपुस्तकांत क्रमाकुंचन म्हणतात. ही लाट कोण चालवतो? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांचे सर्वसाधारण उत्तर असे की, हुकूम मेंदूचा आणि मज्जारज्जूचा, आणि आतडे त्यांचे आज्ञाधारक सेवक.

या समजुतीला पहिले तडे सूक्ष्मदर्शकाने पाडले. पोझेन येथे १८१५ साली जन्मलेले रॉबर्ट रेमाक हे बर्लिनमधील यहुदी संशोधक. त्यांनी १८४४ साली हृदयाच्या आतच मज्जापेशींचे पुंजके असल्याचे दाखवले. म्हणजे अवयवाला स्वतःच्या मज्जापेशी असू शकतात, ही गोष्ट प्रथम हृदयाच्या बाबतीत समोर आली. पक्ष्यांच्या आतड्यालगत जाणाऱ्या मज्जापेशीयुक्त तंतूला आजही रेमाक यांचेच नाव आहे. बाप्तिस्मा घेतला असता तर त्यांना विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळाले असते. तो त्यांनी घेतला नाही. १८४७ साली खुद्द राजाकडे अर्ज गेल्यावर त्यांना बर्लिन विद्यापीठात अध्यापनाची परवानगी मिळाली. पूर्ण प्राध्यापकपद मात्र १८६५ साली मृत्यू येईपर्यंत मिळाले नाही.

यानंतर तीन माणसे येतात, आणि योगायोग असा की त्यांचे जन्म लागोपाठच्या तीन वर्षांतले आहेत. लिओपोल्ड आउअरबाख १८२८ चे, गेओर्ग माइस्नर १८२९ चे, आणि हाराल्ड हिर्शस्प्रुंग १८३० चे. पहिले ब्रेस्लाऊचे यहुदी, दुसरे हानोव्हरचे ख्रिस्ती, तिसरे कोपनहेगनचे यहुदी.

माइस्नर यांनी १८५७ साली आतड्याच्या आतल्या अस्तराखाली मज्जापेशींचे एक जाळे वर्णिले. पाच वर्षांनी, १८६२ साली, आउअरबाख यांनी ब्रेस्लाऊ येथे एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. पृष्ठवंशी प्राण्यांच्या आतड्यातील आजवर अज्ञात असलेली मज्जायंत्रणा, अशा अर्थाचे तिचे शीर्षक होते. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. बाहेरच्या थराचे धागे आतड्याच्या लांबीच्या दिशेने जातात, आतल्या थराचे धागे कड्यासारखे फिरतात. या दोन थरांच्या फटीत आउअरबाख यांना एक पूर्ण जाळे आढळले. जाळ्याच्या प्रत्येक गाठीत मज्जापेशींचा पुंजका, आणि एका गाठीतून दुसऱ्या गाठीकडे जाणारे तंतू. मी काप केलेल्या काचांवर हे पुंजके असंख्य वेळा पाहिले आहेत. गुलाबी स्नायूंच्या दोन पट्ट्यांमध्ये फिकट जांभळ्या, मोठ्या केंद्रकाच्या चार-सहा पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. एकदा ओळख पटली की डोळा त्यांना चुकत नाही.

आउअरबाख हे काही मोठ्या संस्थेचे प्रमुख नव्हते. १८५० पासून ते ब्रेस्लाऊमध्ये वैद्यकीय व्यवसाय करीत, आणि तो सांभाळून संशोधन करीत. ही पुस्तिका निघाली तेव्हा विद्यापीठात त्यांना कोणतेही पद नव्हते. १८६३ साली अध्यापनाचा अधिकार मिळाला, १८७२ साली दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले, आणि १८९७ साली मृत्यू आला तेव्हा ते ब्रेस्लाऊमध्येच होते. तरीही त्यांच्यावर उपेक्षेचा अन्याय झाला, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या जाळ्याला त्यांचे नाव मिळाले आणि ते शरीररचनेच्या पुस्तकांत छापले गेले. जे झाले ते वेगळेच. रचना पुस्तकात गेली; पण ती रचना काय करते, आणि ती नसेल तर काय होईल, हा प्रश्न आजारी माणसाच्या खाटेपर्यंत पोहोचला नाही.

आता कोपनहेगनकडे वळू. हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांच्या वडिलांचा तंबाखूचा भरभराटीचा कारखाना होता. मुलाने तो न स्वीकारता वैद्यकी पत्करली. १८७९ साली कोपनहेगनमध्ये राणी लुईझे हिच्या नावाचे बालरुग्णालय उघडले, त्याचे ते प्रमुख वैद्य झाले. गरिबांच्या मुलांवर तेथे विनामूल्य उपचार व्हावेत, हा त्यांचा आग्रह. त्यांच्याविषयी एक हकिकत सांगतात. राणीची इच्छा अशी की प्रत्येक खाटेवर धर्मग्रंथातील वचन लिहावे. हिर्शस्प्रुंग यांना वाटे की आजारी मुलाला प्राण्यांची चित्रे पाहून अधिक बरे वाटेल. त्यावरून दोघांत वितुष्ट आले म्हणतात.

१८८६ साली बर्लिन येथे बालरोगतज्ज्ञांच्या सभेत हिर्शस्प्रुंग यांनी दोन बालकांची हकिकत सादर केली. दोघांनाही जन्मापासून शौचाला होत नसे. पोट ढोलासारखे फुगे. औषधे, बस्ती, सर्व करून झाले, आणि दोघेही दगावले. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड फुगलेले आणि त्याची भिंत जाड झालेली दिसली. कुठेही गाठ नाही, पीळ नाही, अडथळा नाही. गुदाशय मात्र फुगलेला नव्हता. तो जवळजवळ नेहमीसारखाच दिसत होता. हिर्शस्प्रुंग यांनी स्वाभाविकपणेच असा निष्कर्ष काढला की, दोष त्या फुगलेल्या भागात आहे आणि तो जन्मजात आहे. तो आजार पुढे त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

आज आपल्याला ठाऊक आहे की वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट होती. फुगलेला भाग निरोगी होता. पुढचा मार्ग मोकळा होत नाही म्हणून तो जोर लावून लावून जाड झाला होता, ताणला गेला होता. दोष खालच्या, नेहमीसारख्या दिसणाऱ्या, अरुंद भागात होता. त्या भागात आउअरबाख यांच्या जाळ्यातील मज्जापेशीच नव्हत्या. त्या नसल्या की स्नायू सैल पडत नाही, कायम आवळलेला राहतो, आणि लाट तेथे येऊन विरते. नुसत्या डोळ्यांना तो भाग साधा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा काप घेऊन, तेथे जे असायला हवे ते आहे का, असा शोध घेतला तरच उत्तर मिळते. असलेली वस्तू पाहणे सोपे असते. नसलेली वस्तू दिसण्यासाठी ती तेथे असायला हवी होती, हे आधी माहीत असावे लागते आणि पाहताना आठवावेही लागते.

आठवण करून देणारे पुरावे मात्र याच काळात जमत होते, पण वेगळ्या दालनात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञ काम करीत. नात्याने ते मेव्हणे. १८९९ साली त्यांनी कुत्र्याच्या लहान आतड्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याकडे बाहेरून येणारे सर्व मज्जातंतू त्यांनी तोडले. तरीही आतड्याच्या आत एखादी वस्तू ठेवली की तिच्या वरचा भाग आवळे आणि खालचा भाग सैल पडे, आणि वस्तू पुढे सरके. मेंदूशी संबंध तुटलेला असताना हे घडत होते. याला त्यांनी आतड्याचा नियम म्हटले, आणि त्याचे श्रेय आउअरबाख यांच्या जाळ्याला दिले.

१९१७ साली जर्मनीत पाउल ट्रेंडेलेनबुर्ग यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून द्रवात ठेवला आणि आतून किंचित दाब दिला. तुकड्याने लाट निर्माण करून प्रत्युत्तर दिले. १९२१ साली केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी आपल्या ग्रंथात स्वायत्त मज्जासंस्थेचे तीन विभाग मांडले. दोन आपल्या परिचयाचे, सिंपथेटिक आणि पॅरासिंपथेटिक. तिसरा आतड्यातील मज्जासंस्थेचा. असा स्वतंत्र विभाग मानण्याचे कारण साध्या हिशेबातच आहे. मेंदूकडून व्हेगस मज्जातंतूतून आतड्याकडे जाणारे धागे काही हजार, आणि आतड्यातील मज्जापेशी दहा कोटींहून अधिक. इतक्या थोड्या धाग्यांनी इतक्या पेशींना प्रत्येक क्षणी हुकूम देता येणे शक्य नाही. मेंदू सूचना करतो, वेग वाढवतो, मंदावतो. रोजचा कारभार आतडे स्वतः पाहते.

लँग्ली यांचा हा तिसरा विभाग पुढील चार-पाच दशके पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गळून गेला. विद्यार्थ्यांना दोनच विभाग शिकवले गेले, आणि आतड्यातील पेशी म्हणजे मेंदूचा निरोप पुढे पोहोचवणाऱ्या चौक्या, एवढेच सांगितले गेले.

दरम्यान बालरोगाच्या दालनातही खुणा मिळत होत्या. १९०१ साली टिटेल यांनी अशा एका बालकाच्या आतड्यात मज्जापेशी फार विरळ असल्याची नोंद केली. १९२० साली इटलीतील डाल्ला व्हाल्ले यांनी एकाच कुटुंबातील मुलांच्या बाबतीत, आतड्याच्या खालच्या भागात या पेशी नाहीत आणि वरच्या भागात त्या आहेत, असे स्पष्ट लिहिले. यात सर्व उत्तर आलेले होते. पण ते कोणी उचलून धरले नाही. शल्यविशारद फुगलेला भाग कापून काढीत राहिले आणि दोषी भाग शरीरातच ठेवीत राहिले. मुलाला काही काळ बरे वाटे, आणि आजार परत येई.

युरोपात याच सुमारास जे घडले, ते या सभागृहात मी निराळे सांगायला नको. तरी या इतिहासातील तीन कुटुंबांपुरते सांगतो. आउअरबाख यांचे पुत्र फेलिक्स हे येना येथे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी व त्यांच्या पत्नीने आपले जीवन संपवले. रेमाक यांचे नातू, त्यांचेही नाव रॉबर्टच, गणितज्ञ होते. १९४२ साली आउश्विट्झमध्ये त्यांचा अंत झाला. तिसरी एडिथ ब्युलब्रिंग. वडील बॉन येथील इंग्रजीचे ख्रिस्ती प्राध्यापक, आई डच यहुदी घराण्यातली. एवढ्या कारणाने १९३३ साली बर्लिनच्या रुग्णालयातील या तरुण डॉक्टरची नोकरी गेली. ती इंग्लंडला पोहोचली, आधी लंडनमध्ये आणि मग ऑक्सफर्डमध्ये काम करू लागली, आणि आतड्याचा साधा स्नायू हाच तिने आयुष्याचा विषय केला. ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या प्रयोगाचा विसरलेला धागा तिने पुन्हा हाती घेतला. १९५८ साली ती रॉयल सोसायटीची सदस्य झाली.

ब्युलब्रिंग आणि तिचे सहकारी क्रेमा यांनी दाखवले की, आतड्याच्या आत दाब वाढला की अस्तरातील विशिष्ट पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात, आणि त्याने लाटेला चालना मिळते. शरीरातील सेरोटोनिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आतड्यातच असते. ऑक्सफर्डच्या याच प्रयोगशाळेत पुढे मायकेल गर्शन हा तरुण अमेरिकन संशोधक येऊन काम करून गेला. १९६५ साली गर्शन व त्याच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, आउअरबाखच्या जाळ्यातील मज्जापेशीही सेरोटोनिन तयार करतात आणि एकमेकींना निरोप देण्यासाठी ते वापरतात. हे मान्य व्हायला बरीच वर्षे गेली. १९९८ साली त्याने सर्वसामान्य वाचकांसाठी ग्रंथ लिहिला आणि त्याला 'दुसरा मेंदू' अशा अर्थाचे नाव दिले. लँग्ली यांनी मांडलेला तिसरा विभाग अशा रीतीने पाठ्यपुस्तकात परत आला.

'दुसरा मेंदू' या नावाबद्दल एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. आतडे विचार करीत नाही, त्याला आठवणी नाहीत, दुःख होत नाही. ते दाब ओळखते, रसायन ओळखते आणि त्यानुसार हालचाल ठरवते. आणि व्हेगस मज्जातंतूतून मेंदूला सतत बातमी देते. या तंतूतील बहुसंख्य धागे खालून वर जाणारे आहेत, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. आपण पोटात गोळा आला म्हणतो, पोटात कालवते म्हणतो. यिर्मया संदेष्ट्यानेही राष्ट्रावरचे संकट पाहून झालेली वेदना आतड्यांतच सांगितली आहे. मूळ हिब्रू शब्द तोच, जो आज आपण दवाखान्यात आतड्यांसाठी वापरतो. भाषांना हा अनुभव पूर्वीपासून होता. पण हा अनुभव पुढे करून आज बाजारात अनेक भुकट्या आणि गोळ्या विकल्या जातात. त्यांच्या जाहिरातीत मेंदूचे नाव आहे म्हणून त्या विकत घेऊ नका, इतकेच सांगतो.

आता पुन्हा त्या बालकांकडे येऊ. १९४८ हे वर्ष निर्णायक ठरले. अमेरिकेत व्हाइटहाउस आणि कर्नोहन या विकृतिशास्त्रज्ञांनी अनेक रुग्णांच्या आतड्यांची पद्धतशीर तपासणी करून, खालच्या अरुंद भागात मज्जापेशी नसतात हे सिद्ध केले. त्याच वर्षी झ्युल्झर आणि विल्सन यांनीही तोच निष्कर्ष मांडला. आणि त्याच वर्षी बॉस्टनचे शल्यविशारद ऑर्व्हार स्वेनसन यांनी आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. स्वेनसन यांच्या ध्यानात आले होते की, पोटावर छिद्र करून आतड्याचे तोंड बाहेर काढले की ही मुले सुधारतात, आणि ते छिद्र बंद केले की पुन्हा आजारी पडतात. म्हणजे वरचे आतडे चांगले असले पाहिजे. त्यांनी आतड्यातील लाटा मोजल्या आणि त्या खालच्या भागात येऊन थांबतात हे पाहिले. तेव्हा फुगलेल्या भागाला दोष न देता त्यांनी खालचा अरुंद भाग काढला आणि वरचे निरोगी आतडे गुदद्वाराशी आणून जोडले. मुले बरी झाली. हिर्शस्प्रुंग १९१६ सालीच निवर्तले होते.

एक प्रश्न उरला होता. पेशी नेहमी खालच्या टोकालाच का नसतात? याचे उत्तर फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांच्या प्रयोगांनी पक्के केले. लाव्याच्या आणि कोंबडीच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येते. त्यांनी लाव्याच्या गर्भातील पेशी कोंबडीच्या गर्भात बसवल्या आणि त्या कुठे जातात याचा माग काढला. १९७३ साली त्यांनी आणि तेयेत् यांनी दाखवले की, आतड्यातील बहुतेक मज्जापेशी आतड्यात जन्मतच नाहीत. त्या मानेच्या बाजूला, मज्जारज्जूच्या कडेला जन्मतात, वरच्या टोकाने आतड्यात शिरतात आणि गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत वाढत वाढत, चालत चालत खालच्या टोकापर्यंत जातात. हा प्रवास मध्येच थांबला तर शेवटचा टप्पा रिकामा राहतो. १९९४ साली 'रेट' नावाच्या जनुकातील बदलाशी काही रुग्णांतील या आजाराचा संबंध लागला, आणि डाल्ला व्हाल्ले यांना एकाच कुटुंबात रुग्ण का आढळले असावेत याचा उलगडा झाला.

आता शस्त्रक्रिया चालू असतानाच शल्यविशारद आतड्याचे लहान तुकडे, खालून वर अशा क्रमाने, प्रयोगशाळेत पाठवतात. आम्ही ते गोठवून, क्रायोस्टॅट यंत्रावर काप करून, काही मिनिटांत रंगवून देत असू. डॉक्टर पाहून सांगत : येथे पेशी नाहीत, आणखी वर जा. पुन्हा तुकडा, पुन्हा काप. ज्या तुकड्यात ते जांभळे पुंजके नीट दिसतील, तेथपासून वरचे आतडे राखायचे. ब्रेस्लाऊच्या एका व्यावसायिक वैद्याने १८६२ साली केलेले वर्णन अशा रीतीने आज शस्त्रक्रियागृहातील निर्णय ठरवते. १९६९ साली हेलन नॉब्लेट यांनी शोषून तुकडा घेण्याची नळी तयार केल्यापासून तर निदानासाठी बाळाला भूल देण्याचीही गरज बहुधा लागत नाही.

या विलंबाला दोष कोणाला द्यावा? आउअरबाख यांनी आपले काम चोख केले. हिर्शस्प्रुंग यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. बेलिस आणि स्टार्लिंग यांचे प्रयोग नेटके होते. प्रत्येकाजवळ कोड्याचा एक तुकडा होता, पण रचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि बालरोग ही दालने वेगळी राहिली, आणि त्यांमधून ये-जा करणारे माणूस पुढे आले नाही. त्याची किंमत ज्या बालकांनी मोजली, त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. मी या इतिहासाकडे वळलो तो त्यांच्यासाठी.

शेवटी घरच्या उपयोगाचे दोन शब्द, विशेषतः आज येथे बसलेल्या आजींसाठी. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे चौपट आढळतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिली काळपट शी बहुधा २४ तासांत होते, आणि जवळजवळ सर्वांना ४८ तासांत. ती झाली नसेल, पोट फुगत असेल, हिरवट उलटी होत असेल, तर आपल्याकडच्या रीतीने बाळगुटी उगाळत बसू नका, एरंडेल देऊ नका, आणि ब्रित मिला आटोपल्यावर पाहू असेही म्हणू नका. त्याच तासाला रुग्णालयात न्या. बाळ मोठे झाल्यावरही जन्मापासूनचा कोठा जड असेल आणि वजन वाढत नसेल, तर टिपत हलावमधील परिचारिकेला स्पष्ट सांगा. अशा बाळाला ताप येऊन एकाएकी दुर्गंधीयुक्त जुलाब सुरू झाले, तर ते बद्धकोष्ठ सुटल्याचे लक्षण समजू नका. ते धोक्याचे असते. बहुतेक मुलांचे कोठे साध्या कारणाने जड असतात, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु शंका असेल तर तपासणीसाठी घेतला जाणारा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाच असतो, आणि त्यात काय शोधायचे हे आता सर्वांना ठाऊक आहे.

 कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर जरूर विचारावेत.